बरणीतली काडी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. भट्टीत भाजून निघाले, औषधांच्या दुकानात वर्षानुवर्षे कडू गोळ्या सांभाळल्या आणि झाकण हरवल्यावर एका शाळेच्या विज्ञानखोलीत येऊन पडले. तिथे माझे कौतुकही झाले. "हिच्यातून किती स्वच्छ दिसतं!" असे विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. तेच पुढे नडले.

एकदा बाईंनी लिंबाच्या पानावरची अळी माझ्यात ठेवली आणि माझ्या तोंडाला जाळीचे फडके बांधले. कौतुक बाईंचे झाले, पण रोजची कोवळी पाने शाळेच्या शिपाईमावशी आणत. झाडलोट उरकली की माझ्या तळाची घाण काढायची, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसे. मग कात टाकत टाकत हिरवीगार झाली.

"खा गं बाई, खा. जीव एवढासा आणि भूक बघा हिची!" मावशी म्हणत.

त्यांनी माझ्यात एक काडी तिरकी उभी केली होती. एके दिवशी अळीने खाणे सोडले. ती काडीवर चढली, अंगाभोवती रेशमाचा धागा घेतला, शेवटची कात उतरवली आणि तिचा कोष झाला. आत तिचे जुने शरीर विरघळत होते आणि त्यातूनच नवे घडत होते. मावशींची नोकरी संपायला थोडेच दिवस उरले होते. येता-जाता त्या डोकावून म्हणत, "मी जायच्या आत उडून दाखव गं मला."

दहा-बारा दिवसांनी कोष काळपट पडला. आतल्या पंखांची नक्षी दिसू लागली. नेमके त्याच सकाळी शाळा बघायला पाहुणे येणार होते. बाईंनी मला टेबलाच्या मधोमध ठेवले, चारी बाजूंनी पाहिले आणि तोंड वाकडे केले.

"ही काडी मध्ये येतेय. पाहुण्यांना काय दिसणार?"

त्यांनी काडी बाहेर काढली, धागा ब्लेडने कापला आणि कोष माझ्या तळाशी पांढऱ्या कागदावर ठेवला.

"बाई, काडी राहू द्या," मावशी म्हणाल्या. "आमच्या अंगणातल्या लिंबावर बघितलंय मी. बाहेर आलं की लटकतं ते फुलपाखरू."

"मावशी, मी पंधरा वर्षं हेच शिकवतेय."

खरेच शिकवत होत्या. मागे भिंतीवरच्या तक्त्यात त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिले होते, 'पंख उलगडून वाळेपर्यंत फुलपाखरू आधाराला लटकून राहते.' सगळ्या वर्गाने ते वहीत उतरवले होते. मावशी पाहुण्यांसाठी कप विसळायला निघून गेल्या. शिपायाने बाईंना एकच गोष्ट दोनदा सांगायची नसते, अशी त्या शाळेची रीत होती.

पाहुण्यांसमोरच कोष उकलला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले आणि मंडळी चहाला गेली. फुलपाखराचे पंख अजून ओले आणि चुरगळलेले होते. ते माझ्या अंगावर चढू लागले आणि घसरले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले. मित्रांनो, मला माझ्या गुळगुळीतपणाची तेव्हा किळस आली. चहाचे कप देऊन मावशी धावत आल्या आणि त्यांनी ती काडी माझ्यात सोडली. फुलपाखरू चढले, लटकलेही. पण पंख तसेच चुरगळलेले वाळून गेले होते.

मावशींनी ते ओंजळीत घेतले. "मी पुन्हा बोलायला हवं होतं रे," एवढेच त्या म्हणाल्या. ते ऐकायला खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हते. ते फुलपाखरू कधीच उडाले नाही.

परीक्षेत फुलपाखराच्या अवस्थांवर प्रश्न आला. सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले. मावशी निवृत्त झाल्या आणि जाताना ती काडी माझ्यात पुन्हा नीट तिरकी उभी करून गेल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी ती काढून टाकली, कारण माझ्यात खडूचे तुकडे ठेवायचे होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या बरणीत कुणाला ठेवाल तर सोबत एक काडीही ठेवा. आणि कुणी ती काढू लागले, तर एकदा सांगून गप्प बसू नका.