रबरी नळीची दोन टोकं

"पोरीचे कान एकदा दाखवून घे," असं नणंदेने सांगितलं, तेव्हा आईने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

"हाक मारली की ती आधी चहूकडे बघते, मग माझ्याकडे," नणंद म्हणाली होती.

"तंद्री असते हो तिची. तुमच्या भावावर गेलीय," म्हणून आईने विषय उडवून लावला होता. मनात मात्र फणकारा होताच, आता माझ्या पोरीत खोट काढायची तेवढी राहिली होती. पोरांच्या बाबतीत आईच्या नजरेतून काही सुटेल, ही शक्यताच नव्हती. कठड्यावरून कोण वाकलं, कुणाच्या बुटाची नाडी सुटली, हे तिला पाठमोरी असतानाही दिसायचं.

त्या रविवारी विज्ञान संग्रहालयात नणंदही बरोबर होती. दारातच पाटी होती, 'कृपया हात लावा.' दिवसभर 'हात लावू नकोस' असा जप करणाऱ्या आईने ती दोनदा वाचली. आत पाहते तर धाकटा हवेच्या झोतावर चेंडू अधांतरी नाचवतोय. थोरली एक दोरी ओढून साबणाच्या पाण्याचा पडदा स्वतःभोवती वर चढवतेय आणि त्यावरून ओघळणारे रंग आतून बघतेय. एका भिंतीसमोर उडी मारली की माणूस निघून गेलं तरी सावली तिथेच चिकटून राहायची. आईने पर्स नणंदेकडे दिली आणि स्वतःच तीनचार उड्या मारून घेतल्या.

मग ती रबरी नळी आली. दोन टोकं दोन कानांना लावायची, मधला भाग पाठीमागे सोडायचा. दुसऱ्याने मागून पेन्सिलीने टिचकी मारायची, ती डावीकडे पडली की उजवीकडे ते आपण ओळखायचं. आधी आईने करून पाहिलं. मधल्या लाल खुणेपासून बोटभर इकडेतिकडे टिचकी पडली तरी कळत होतं. जवळच्या कानाला आवाज किंचित आधी पोचतो आणि तेवढाही फरक डोक्याला समजतो, असं पाटीवर लिहिलं होतं.

"एवढं नाजूक यंत्र घेऊन आपण फिरतो," आई चाट पडून म्हणाली, "आणि वापरतो कशाला, तर शेजारची भांडणं ऐकायला."

थोरलीने नळी लावली, धाकट्याने मागे पेन्सिल धरली. डावी. उजवी. उजवी. डावी. एकही चुकेना.

"आई, ही चीटिंग करतेय," धाकटा म्हणाला. "समोरच्या काचेत मी दिसतोय तिला."

"मग डोळे मिट गं."

थोरलीने डोळे मिटले. "उजवी." चूक. "उजवी." बरोबर. "उजवी." चूक. "उजवी." परत चूक.

"तायडे, डाव्या बाजूलाही जग असतं," धाकटा खिदळला.

आईही हसली आणि तिचं हसू मधेच थांबलं. थोरली डोळे घट्ट मिटून उभी होती, कपाळावर आठी, सगळा जीव गोळा करून ऐकत. आईने नळीचं उजवं टोक तिच्या कानावर तसंच राहू दिलं, डावं काढून मुठीत बंद केलं आणि त्या कानाशी हलकेच म्हणाली, "घरी जाताना आइस्क्रीम."

"कुठलं?" धाकट्याने उडी मारली.

थोरली तशीच उभी, पुढच्या टिचकीची वाट बघत.

आई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिच्या डाव्या कानाला बोट लावलं. "बाळा, या कानाने ऐकू येतं तुला?"

"नाही." थोरलीला प्रश्नच कळला नसावा. "हा ऐकायचा कान. तो केस मागे अडकवायचा. सगळ्यांचं तसंच असतं ना?"

आता आईला एकेक दिसायला लागलं. वर्गात डावीकडच्या टोकाचाच बाक हवा म्हणून केलेला हट्ट. रस्त्यात आई नेहमी आपल्या उजव्या हाताला राहील अशी तिची चाल. गडबडीत लोकांच्या ओठांवर रोखलेले डोळे. आणि ती झोप. धाकट्याने तान्हेपणी रडून घर डोक्यावर घेतलं तरी ही ढिम्म, म्हणून आई कौतुकाने सगळ्यांना सांगायची. उजवा कान उशीत दाबून झोपत होती ती. कुणी शिकवलं होतं तिला हे सगळं? कुणीच नाही. एवढीशी पोर, तिने आपली आपण वाट काढली होती. आईचे डोळे भरून आले, पण त्यात भीतीपेक्षा अचंबाच जास्त होता.

आता नणंद 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणणार, म्हणून आईने मान वर केली. नणंदेने बाटलीचं झाकण काढलं होतं. "आधी पाणी पी."

"ताई, तुम्ही ते डॉक्टर म्हणाला होतात..."

"उद्या जाऊ. मीही येते."

"पण आइस्क्रीमचं काय?" धाकटा म्हणाला.

"कसलं आइस्क्रीम?" थोरलीने विचारलं.

तो तोंड उघडणार होता, तेवढ्यात थांबला. बहिणीला वळसा घालून तिच्या उजवीकडे गेला आणि टाचा उंचावून कानात सांगितलं.

डाव्या कानात जवळजवळ काहीच पोचत नाही, असं दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले. उजवा ठणठणीत आहे, त्याला जपू आणि डाव्याचं काय करता येतं ते बघू. तेव्हापासून आई भेटेल त्याला एक विनंती करते, तीच तुम्हालाही. आज घरचं मूल पाठ करून खेळत असेल, तेव्हा मागून जा. त्याचा एक कान तळव्याने झाका आणि दुसऱ्यात हळूच काहीतरी गोड सांगा. मग बाजू बदला. दोन्ही वेळा त्याला ते ऐकू येतंय ना, तेवढं बघून घ्या.