घोडीच्या कुशीला कान

कुंडलिककाका गेले, त्याच्या तेराव्या दिवशी त्यांची लाडकी घोडी पोटशुळाने तडफडू लागली. आमच्या डिंगोरे गावात सगळे म्हणाले, कपाळावरच्या केसांचा भोवरा अशुभ; ती धन्यामागे जाणार. भोवऱ्याचा आतड्याशी संबंध नसतो, एवढे मी पुण्याच्या कॉलेजात शिकलो होतो. उपाय शिकलो नव्हतो.

“पागोटं काढ अन् कुशीला कान लाव,” काकांच्या मागे राहिलेल्या साळूकाकू म्हणाल्या. “त्ये तसंच करायचे. आतडं बोललं तर जनावर जगतं, म्हणायचे. तू लई हसायचास.”

मी कान लावला. आत पूर्ण शांतता होती. घोडी थरथरत होती. पाव तासाने खोलवर बारीक गुरगुर झाली.

“बोलली का रं?”

“बोलली, काकू.”

कान मात्र मी काढला नाही. एका आवाजावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरले असते.