जवळच्या माणसाचं नाव

वृद्धाश्रमाच्या ऑफिसातल्या मुलीनं अर्ज माझ्यापुढे सरकवला. "आजोबा, एवढा रकाना राहिलाय. जवळच्या माणसाचं नाव. ते फोनवर हो म्हणाले की खोली तुमची. नाहीतर आजच दुसऱ्यांना द्यावी लागेल."

जवळचं माणूस म्हणे! बायको गेली, मूलबाळ नाही, भाऊबंद वाटण्यांवरून भांडून कधीच पांगले. सकाळचा तासभर सोडला तर घरात दिवसभर कुणाचा आवाज नाही. एकटेपणानं जीव नकोसा झालाय, सरळ सांगतो.

पण एक होता. ओढेकर. त्याचा आजा आमच्या आजोबांची ओढ्याकाठची जमीन कसायचा. पुढे कायदा आला, जमीन त्यांची झाली. आमच्या घरानं त्यांच्याशी बोलणं टाकलं, पण ह्या पठ्ठ्यानं माझ्याकडे यायचं सोडलं नाही. तीस वर्षं रोज सकाळी आमचं बुद्धिबळ. हरायला लागला की बेटा पट उधळायचा. मी ठसक्यात लिहिलं, ओढेकर, आणि पुढे त्याच्या घरचा फोन नंबर.

मुलीनं फोन लावला, विचारलं, आणि माझ्याकडे बघितलं. "कुणी बाई बोलतायत. इथे कुणी ओढेकर राहत नाहीत म्हणतात."

"आण इकडे!" मी फोन हिसकावलाच. "सूनबाई, सासऱ्यांना दे."

तो फोनवर आला. सगळं ऐकून हसला. "मालक, ओढेकर आम्हाला फक्त तुमच्या घरात म्हणायचे. जो जे शेत कसायचा, ते त्याचं नाव. आमचं आडनाव वेगळं आहे."

"मग तू बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बरं, आता सांग," मी म्हणालो.

"त्या मुलीकडे द्या फोन. तिला सांगतो."

तिनं माझी अक्षरं खोडली, वर नवीन नाव लिहिलं. मग विचारलं, "आणि नातं?" ऐकून जराशी घुटमळली.

फोन ठेवून म्हणाली, "हो म्हणालेत. नातं 'कूळ' सांगितलं. म्हणजे तुमच्या घराण्यातलेच ना? नातेवाईक लिहू?"

आमच्याकडे कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, हे तिला कोण सांगणार?

"लिही," मी म्हणालो, आणि अर्ज उलटा दिसत होता तरी त्याचं नाव वाचायला लागलो.