प्रयागबाईची मुलगी

वाशीमच्या दवाखान्यात डेंग्यूच्या तापानं पडलेल्या पिंकीच्या प्लेटलेट सकाळपासून घसरतच होत्या. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तसं डॉक्टर म्हणाले, “अकोल्याला हलवा.” तिचे वडील दौलतराव गाडी पाहायला धावले.

खाटेपाशी आई चंपाबाई आणि एलिझाबाई राहिल्या. एलिझाबाई मूळच्या अलिबागकडच्या यहुदी. पिंकीच्या गावी, केनवडला, नर्स म्हणून बदलून आल्या तेव्हा पिंकी शाळेत जात होती. आजाऱ्यासाठी हिब्रूत प्रार्थना लिहून उशाशी ठेवायची, ही त्यांच्या घरची रीत केनवडच्या बायकांना ठाऊक होती.

“सिस्टरबाई, तो कागद लिहून द्या ना माह्या पोरीले.”

“देते. पण त्यानं रक्त थांबत नाही, चंपाबाई. गाडी आली की निघायचं. कागद पुरा झालेला असो की नसो.”

“हो, हो. लिवा.”

खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून एलिझाबाई उजवीकडून डावीकडे लिहीत गेल्या. मग थांबल्या. “आमच्यात आजाऱ्यासाठी मागताना आईचं नाव घेतात. पिंकी, चंपाबाईची मुलगी. असंच ना?”

चंपाबाईंनी पिंकीकडे पाहिलं. पिंकीला जन्म देताना दौलतरावांची पहिली बायको गेली होती. ती तान्ही पोर चंपाबाईंनी वाढवली, आणि हा विषय घरात कधी निघू दिला नाही. पिंकीला यातलं काहीच माहीत नव्हतं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती लिपी वाचणार कोण होतं?

खाली हॉर्न वाजला. पिंकी डोळे मिटून कण्हत होती. चुकीच्या नावानं मागितलं आणि ते पोचलंच नाही तर?

“माहं नाव नका लिवू,” चंपाबाई एलिझाबाईंच्या कानाशी म्हणाल्या. “तिची आई प्रयागबाई.”

एलिझाबाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं. काही न विचारता लिहिलं, घडी घातली. स्ट्रेचर निघालं होतं.

अकोल्यात प्लेटलेट चढवल्या. सुरुवातीला डॉक्टर काहीच सांगेनात. मग रक्त थांबलं, ताप उतरला, पिंकीनं वरणाचं पाणी मागितलं.

एलिझाबाई भेटायला आल्या तेव्हा तिनं उशाखालचा कागद उलगडला. “मावशी, याच्यात काय लिवलं?”

“देवा, हिला बरं कर, असं.”

“माहं नाव कोठी आहे?”

एलिझाबाईंनी बोट ठेवलं.

“आन् हे त्याच्या म्होरचं?”

एलिझाबाई चंपाबाईंकडे बघू लागल्या. चंपाबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

“वाचा, सिस्टरबाई. खरं हाये तेच वाचा.”

“प्रयागबाईची मुलगी.”

“कोन प्रयागबाई?”

चंपाबाईंनी उभ्या उभ्याच, एका दमात सगळं सांगितलं. पिंकी भिंतीकडे तोंड करून पडली. ताट निवून गेलं. चंपाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून राहिल्या. तिला हात लावायची हिंमत होईना.

“आई,” खूप वेळानं पिंकी भिंतीकडेच पाहत म्हणाली, “ती कशी होती?”

“म्या नाही पाह्यलं तिले. तुह्या बापाले ठाऊक.”

“मंग बोलाव त्यायले.”

दौलतराव आत आले. चंपाबाईंनी त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं. “पोरगी प्रयागबाईचं इचारून राह्यली. सांगा तिले.”

दौलतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“वावरात तण निंदताना गायची,” ते म्हणाले. “आवाज काही चांगला नव्हता. तरी गायची.”

पिंकीनं कूस बदलून त्यांच्याकडे तोंड केलं.