डबे परत करण्याचे दिवस

मंगळवारी सकाळी प्राणायाम करताना माझ्या छातीतून पहिला डबा बाहेर आला. दुखलं अजिबात नाही. बनियनखाली गरम लागलं म्हणून वर करून पाहिलं, तर मांडीवर कडीचा स्टीलचा डबा. झाकणावर नाव कोरलेलं होतं: इ. म. मुल्ला. आत गेल्या ईदचा शिरखुर्मा होता, अजून कोमट.

मी बायकोला हाक मारली. शालननं झाकण उघडून वास घेतला आणि लगेच लावलं.

"तोंड लावू नका," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणालेच होते, आठवड्याभरात सुरू होईल."

म्हणाले होते खरे. माझ्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. चौतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होतो, तेव्हा तुंबलेली नळी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. डॉक्टरांनी चित्रावर पेन्सिल टेकवली. "तेल बंद, तूप बंद, रोज पाच किलोमीटर चालायचं. मग आत साठलेलं बाहेर येईल. शेवटचं आधी, पहिलं शेवटी. ज्यांनी खाऊ घातलं त्यांना ते परत करायचं. भरलेलंच."

"रिकामा डबा आमच्यात कुणी परत करतच नाही," मी म्हणालो.

"मग तुम्हाला सोपं जाईल."

शालननं त्याच दिवशी तुपाची बरणी शेजारी देऊन टाकली. तिचा भाऊ जालिंदर जेवता जेवता पाटावरून कलंडला होता, हातातला घास हातातच, तो पुन्हा उठलाच नाही. तेव्हापासून मी जेवायला बसलो की ती समोरून हलत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. जे काही आहे ते आम्ही दोघं.

मी डबा घेऊन मुल्लाकडे गेलो. सव्वीस वर्षं आम्ही एका जीपमधून सांगलीतल्या गळत्या शोधत हिंडलो होतो. त्यानं डबा घेतला, झाकणावरचं नाव वाचलं.

"आमचाच हाय की. कुठं घावला तुम्हाला?"

"मुल्ला, लेका, मी सर्जेराव."

"कोण सर्जेराव?" त्यानं मनापासून आठवून पाहिलं, पण त्याला काही सापडलं नाही. "उपकार झाले बघा," असं म्हणून त्यानं दार हळूच लावलं. मुल्ला कधीच कुणाच्या तोंडावर दार आपटत नाही.

घरी परतताना तिन्ही मजले मी एका दमात चढलो. तसा चढल्याला सहा वर्षं झाली होती. शालननं माझी नाडी पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुल्लाचं काय झालं हे मी तिला सांगितलं नाही.

मग रोजच डबे यायला लागले. खात्यातल्या कँटीनवाल्याची भजी, शेजारच्या वहिनींच्या करंज्या, साडूच्या घरचा तांबडा रस्सा. मी पोचवत गेलो. प्रत्येकानं नाव वाचून डबा घेतला आणि मला परका समजून उभ्याउभ्याच निरोप दिला. सकाळी फिरायला गेलो की पूर्वी दहा जण हात वर करायचे. आता मी हात वर केला तर लोक मागे वळून बघायचे, कुणाला केला म्हणून. पहिली नळी सत्तरवरून वीस टक्क्यांवर आली.

तेव्हा आक्काचा डबा आला. आक्का माझी थोरली बहीण, तासगावला असते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. डब्यात बेसनाचे सात लाडू होते.

ते परत करणं मला जमेना. तासगावच्या स्टँडवर बाकड्यावर बसून मी सातच्या सात लाडू खाल्ले. तूप कोपरापर्यंत ओघळलं. समोरच्या दुकानातून साखर घेतली, डब्यात मूठभर टाकली आणि आक्काच्या दारात उभा राहिलो.

"सर्ज्या! किती वाळलास रं बाबा! बायको जेवायला घालती का न्हाई?"

माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्या स्वयंपाकघरात तासभर बसलो आणि तिच्या सगळ्या तक्रारी ऐकल्या. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

परतल्यावर मात्र दुसऱ्याच मजल्यावर छाती आवळली. शालननं मला हाताला धरून वर नेलं आणि बोटांचा वास घेतला.

"किती?"

"सात."

दुसऱ्या दिवशी तोच डबा पुन्हा माझ्या मांडीवर होता, त्याच सात लाडवांचा. माझ्या आधी शालननं तो उचलला, चप्पल घातली आणि तासगावची एसटी धरली. संध्याकाळी ती परतल्यावर मी तिच्यासमोरच आक्काला फोन लावला. "राँग नंबर हाय ओ," आक्का म्हणाली, आणि मागे कुणाला तरी सांगितलं, "आवाज कसा वळखीचा वाटला बघ."

महिन्याभरात दोन नळ्या मोकळ्या झाल्या. डॉक्टर खूश होते. "आता तिसरी. मुख्य. नव्वद टक्के." ते शालनकडे बघून म्हणाले, "ही कुणाची आहे ते तुम्हाला माहीत आहे."

आम्ही रिक्षानं घरी निघालो. पुलावर शालन म्हणाली, "मला काही आठवलं नाही तरी चालंल. तुम्ही असा."

"मी कुणासाठी असू?"

"असा म्हणजे झालं."

मला तिचा भयंकर राग आला. तिचा हात मात्र मी घरापर्यंत सोडला नाही.

तिचे डबे आले ते दिवाळीच्या चकल्यांपासून. मग माझ्या निवृत्तीच्या दिवशीच्या पुरणपोळ्या, मग दर रविवारचं मटण, वर्षांमागून वर्षं. दिवसाला दहा-दहा डबे. पोचवायचे ते पलंगापासून ओट्यापर्यंत. आधी ती चार पावलं होती. काही दिवसांनी चाळीस झाली. मग मला चप्पल घालून निघावं लागे, आणि रोजचे पाच किलोमीटर घरातच व्हायला लागले. पलीकडे शालन ओट्याशी लहान दिसायची. मी पोचलो की डबा घ्यायची, झाकणावरचं स्वतःचं नाव वाचायची आणि फळीवर ठेवायची. तिचे केस काळे होत चालले होते.

एक डबा मी गादीखाली लपवला. तिनं तो वासावरून शोधून काढला. कशासाठी शोधतेय हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. पथ्याचा कागद तिनं स्वतः लिहून भिंतीला चिकटवला होता, तो ती रोज वाचायची. "अक्षर तर माझंच आहे," ती म्हणायची आणि दुधी उकडायला ठेवायची.

एका सकाळी मंगळसूत्र आरशाच्या खिळ्याला लटकत होतं.

"हे कुणाचं ओ?" तिनं विचारलं.

"घरातलंच आहे," मी म्हणालो.

"जपून ठेवा. कुणीतरी शोधत असंल."

आमचं लग्न कसं ठरलं ते शालन चारचौघांत नेहमी सांगायची. मी कवठेमहांकाळला तिला बघायला गेलो होतो. तिनं पोहे आणले. मी एक बशी संपवली, तिनं विचारलं, "आणखी घेणार?" आणि मी सगळ्यांदेखत बशी पुढे केली. "असा निर्लज्ज माणूस उपाशी ठेवणार नाही कुणाला," म्हणून तिनं होकार दिला. हे ती सांगायची तेव्हा मी दर वेळी लाजायचो.

डॉक्टरांचा फोन आला. "तिसरी नळी पाच टक्के. एकच राहिलंय. तेवढं दिलं की तुम्ही शंभर वर्षं जगाल."

मी फोन ठेवला तेव्हा माझ्या मांडीवर डबा नव्हता. हातात बशी होती. काठावर शालनच्या वडिलांचं नाव, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. पोहे वाफाळत होते. बशी काठोकाठ भरलेली होती. मी लाकडी खुर्चीवर बसलो होतो आणि पायात कोरे बूट चावत होते. आतल्या दारातून जालिंदर ओरडला, "खावा की पाव्हणं, लाजताय काय!"

पडदा सरकला. निळ्या साडीतली मुलगी पातेलं घेऊन बाहेर आली. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या बुटांकडे बघत होती. माझी छाती इतकी हलकी होती की तिच्यात काही आहे असं वाटेना. नव्या नळीतून पाणी सुटावं तसं रक्त वाहत होतं.

सगळं उलट्या क्रमानं येत होतं, म्हणून मी एक घासही खाण्याआधी प्रश्न आला.

"आणखी घेणार?" तिनं विचारलं.

भिंतीवर पथ्याचा कागद तिच्याच अक्षरात होता. भरली बशी परत करायची की आणखी मागायचं, ते मला ठाऊक नव्हतं. मी दोन्ही हातांनी बशी पुढे केली.