डमडमला फक्त मराठी माणसं खोकतात

"बाबा, डॉक्टरची चिठ्ठी नसताना तुम्ही ते कोडीनवालं खोकल्याचं औषध विकता का?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणीने, श्रीजिताने, पैज लावली होती, एक प्लेट मोमोची. त्या शनिवारी सकाळी शाळेत नशेवर व्याख्यान झालं. नशा म्हणजे फक्त सिनेमातली पांढरी पावडर नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या खोकल्याच्या बाटलीनेही ती होते, असं पाहुण्या बाईंनी सांगितलं. लगेच माझ्या तिन्ही मैत्रिणींच्या माना माझ्याकडे वळल्या. मिनूच्या बाबांचं औषधाचं दुकान! आणि मी? वादविवादाची ढाल जिंकल्यापासून मला कुठलाही प्रश्न कुणालाही विचारायचं भय राहिलं नव्हतं. शाळा सुटल्यावर सगळ्या वरातीसकट कोलकात्यातल्या डमडम स्टेशनच्या गल्लीतल्या आमच्या दुकानावर गेले आणि गिऱ्हाइकांसमोर खणखणीत आवाजात विचारलं.

बाबा कात्रीने गोळ्यांची पट्टी कापत होते. त्यांनी मान वर केली आणि हसले.

"चिठ्ठीशिवाय? छे गं! बाटली अन् बाटली वहीत जाते. वही कोण लिहितं, सांग तुझ्या मैत्रिणींना."

"मी!" मी म्हणाले, आणि फळीवरून एच-वनचं रजिस्टर काढून काउंटरवर आपटलं.

असल्या औषधांची ही वेगळी वही कायद्याने ठेवावी लागते. तारीख, रोग्याचं नाव, पत्ता, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं. आमची वही नुसती बघत राहावी अशी. निळी शाई, सरळ ओळी, कुठे खाडाखोड नाही. श्रीजिता बोट फिरवत वाचायला लागली. तिच्या बंगाली तोंडात आमची नावं गोल गोल होऊन बाहेर पडत होती.

"शोकुन पोटोबोर्धोन. ओजेय शोबनीश. गौरी धोंगडे. प्रेमलोता बिबोलकार... प्रेमलोता... परत प्रेमलोता..." ती थांबली. "एई मिनू, डमडमला काय फक्त मराठी माणसंच खोकतात?"

आम्ही चौघी पोट धरून हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. बाबाही हसले. हसता हसताच त्यांनी वही मिटली आणि फळीवर न ठेवता काउंटरच्या खाली सरकवली.

मोमो मी खाल्ले. पण ते वाक्य काही घशाखाली उतरेना.

आता खरं सांगते. ती वही मी आठवीपासून लिहीत होते, आणि विक्रीच्या वेळी नाही, रविवारी सकाळी. पोह्यांच्या बशा उचलल्या की बाबा आठवड्यात किती बाटल्या गेल्या ते सांगत. मग आई आमच्या मराठी मंडळाची सभासदांची पुस्तिका उघडी ठेवून मटार सोलायला बसे आणि एकेक नाव वाचे. मी लिही. डॉक्टरच्या रकान्यात बाबांच्या ओळखीचे तीन डॉक्टर आळीपाळीने.

"अजेय सबनीस," आई म्हणे.

"नको, मागच्याच आठवड्यात खोकलेत ते," बाबा म्हणत.

"मग शकुनताईंना दे. त्यांनी हळदीकुंकवाला मला बोलावलं नव्हतं."

आणि आम्ही हसत असू. हा आमचा रविवारचा खेळ होता. बाटल्या खरोखर कोण न्यायचं? ज्यांच्याकडे चिठ्ठी नसे ते. काही जण खरंच खोकत असत. काही जण दुपारी गल्ली रिकामी असताना येत, खोकत नसत आणि नजर वर करत नसत. मी एकदा बाबांना विचारलंही होतं. ते म्हणाले, "सगळेच देतात मिनू. मी नाही दिली तर तो पलीकडच्या दुकानात जाईल. आपण निदान वही तरी ठेवतो."

मला ते पटलं होतं. लाज वाटते, पण पटलं होतं.

आता प्रेमलताकाकूंचं नाव इतक्यांदा का, ते सांगते. काकू आमच्या शेजारच्या इमारतीत राहतात. दिगंबरकाका बँकेत, सध्या बदलीवर गुवाहाटीला. त्यांची एकुलती एक मुलगी अपर्णाताई, पंचवीस वर्षांची, न्यू टाउनमधल्या एका कंपनीत रात्रपाळीला. वादविवादाच्या आधी माझं भाषण सात वेळा ऐकून घेणारी, "हात खिशात घालू नकोस, लढायला उभी आहेस" असं सांगणारी तीच.

मागच्या हिवाळ्यात तिला खरंच खोकला झाला. डॉक्टरने आठवड्याचं औषध लिहून दिलं. आठवडा संपला, पुढच्या वेळी चिठ्ठी घरी राहिली, त्याच्या पुढच्या वेळी बाबांनी विचारलंच नाही. रात्रपाळी करून आली की तिला दिवसा झोप लागत नसे, बाटलीतल्या औषधाने लागे. "मिनू, एक दे ना राणी," ती म्हणायची, आणि बाबा जेवायला घरी गेलेले असले की मीच फळीवरून काढून द्यायचे. कागदात गुंडाळून. वर हसायचे.

पहिल्या रविवारी मी तिचं नाव लिहायला घेतलं तेव्हा आईने माझा हात धरला.

"अगं थांब! तिच्यासाठी स्थळं बघतायत. उद्या कुणाच्या हातात वही पडली तर? लग्नाच्या मुलीचं नाव असल्या औषधापुढे नको. प्रेमलतावहिनींचं घाल."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "वय झालेलं माणूस. त्यांना खोकला असला तर कोण काय म्हणणार?"

तेव्हा मला वाटलं, किती चांगले आहेत माझे आईबाबा! दुसऱ्याच्या मुलीची इतकी काळजी. मी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं, प्रेमलता बिवलकर.

ही वही सरकारने कशाला ठेवायला लावली, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं. एकाच नावापुढे बाटल्या वाढायला लागल्या की कुणीतरी थांबून विचारावं, बाई, तुम्हाला झालंय तरी काय, एवढ्यासाठी ती आहे. अपर्णाताईला कुणीतरी विचारायला हवं होतं. पण ती वहीत कुठे होती? वहीत ती एकदाही खोकली नाही.

त्या शनिवारनंतर, जानेवारीत एका सकाळी ती ऑफिसातल्या खुर्चीवर बसल्या जागी उठेना. श्वास मंद झालेला, ओठ निळे. सहकाऱ्यांनी हॉस्पिटलात नेलं. दोन दिवस नळ्या होत्या. वाचली. तिथून तिला व्यसनमुक्ती केंद्रात हलवलं.

हॉस्पिटलाने कळवलं म्हणून एक औषध निरीक्षक आमच्या दुकानात आले. मी नुकतीच शाळेतून आले होते, दप्तर पाठीवरच. त्यांनी वही मागितली, पानं उलटली. अपर्णा नावाची नोंद शोधत होते, ती नव्हती. आडनावावर त्यांचं बोट थांबलं.

"प्रेमलता बिवलकर. तेवीस बाटल्या. ही तिची आई ना?"

"हो साहेब," बाबा म्हणाले.

"तुम्हाला संशय नाही आला?"

"चिठ्ठी असायची साहेब. आपण नाही कसं म्हणणार?"

एका मिनिटात बाबांनी सांगून टाकता आलं असतं. मलाही. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. शाळेत शंभर माणसांसमोर बोलणारी मी!

निरीक्षकांनी ते पान मोबाइलवर टिपून घेतलं. जाताना म्हणाले, "वही मात्र चोख ठेवलीत. अक्षर कुणाचं?"

"माझ्या मुलीचं."

"सुंदर आहे."

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थँक यू."

चोख वही बाबांना वाचवून गेली, आणि काकूंना बुडवून गेली. ज्या डॉक्टरांचं नाव घातलं होतं ते म्हणाले, दिली असेन चिठ्ठी, इतके रोगी, कुणाकुणाला लक्षात ठेवू? दिगंबरकाका गुवाहाटीहून आले. कागदावर दिसलं ते त्यांनी खरं मानलं. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. आईच आणून पाजत होती म्हणे. अपर्णाताई केंद्रात ओरडून सांगत होती की मी घेत होते, माझी मी घेत होते. पण व्यसनात असलेल्या मुलीचं कोण ऐकतं? आईवर पांघरूण घालतेय, म्हणाले सगळे. काकांनी केंद्राला लिहून दिलं की आईला भेटू द्यायचं नाही. पंधरा दिवस काकू रोज डबा घेऊन फाटकापर्यंत जात होत्या आणि डबा पहारेकऱ्याच्या हातात देऊन परत येत होत्या.

काल संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. आईने चहा ठेवला. काकू सोफ्याच्या कडेवर बसल्या, उठून जायला सांगतील अशा भीतीने बसावं तशा.

"भावजी, उद्या अकराला केंद्रात बोलावलंय. हे म्हणतात, बरी झाली की अपर्णाला गुवाहाटीला नेणार. माझ्याशिवाय. कायमची." त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. "तुम्ही एकदा आठवून सांगा ना. मी तुमच्याकडून कधी नेलं हो ते औषध?"

बाबांनी चहाचा कप उचलला आणि परत ठेवला.

"वहिनी, आता वहीत जे आहे..."

"हो ना, वहीत आहे. तेवीस वेळा आहे, ह्यांनी फोटो दाखवला मला." काकूंनी कपाळावर बोटं टेकली. "मी खूप आठवते. हल्ली गॅस बंद केला की नाही, तेही लक्षात राहत नाही माझ्या. ती म्हणाली असेल, आई आण, आणि मी... मी आणलं असेन का हो? आणून विसरले असेन का?"

आता तरी बाबा बोलतील असं मला वाटलं. देवाशप्पथ वाटलं. ते खाली बघत म्हणाले, "असेल वहिनी. होतं असं. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

आईने साडीवर नसलेला डाग पुसला.

काकूंनी मान हलवली. हळूहळू, दोनदा. स्वतःच्या हाताने मुलीला विष पाजलं, हे त्यांनी आमच्या घरात, आमच्या सोफ्यावर बसून मान्य केलं. मग मला म्हणाल्या, "मिनू, अभ्यास कर हो बाळा," आणि गेल्या. चहावर साय धरली होती.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दाराच्या चौकटीला धरून उभी होते, आणि हाताची बोटं पेन धरल्यासारखी एकमेकांना चिकटली होती. काकूंना खोटं पाडणारी ती तेवीस नावं छापखान्यात नाही, याच बोटांतून उतरली होती.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्ही त्यांना होतं असं म्हणालात."

"मग काय म्हणू? लायसन्स जाईल. कदाचित केस होईल. तुझी फी, हे घर, सगळं त्या दुकानावर आहे. आणि अपर्णा वाचली ना? झालं ते झालं."

"मंडळात तोंड कसं दाखवायचं मिनू?" आईचा आवाज फुटला. "शंभर घरांची नावं आहेत त्या वहीत. आम्ही तिचं भलंच बघितलं होतं गं. मुलीचं नाव खराब होऊ नये म्हणून."

"नाव वाचलं आई. मुलगी मरत होती."

खाली मासे विकणाऱ्याने आरोळी दिली, कुणीतरी भाव विचारला. मला वाटलं होतं, अशा वेळी मी ढाल जिंकल्यासारखी बोलेन. पण मधेच नाक ओढावं लागत होतं.

"उद्या मी शाळेत जाणार नाहीये," मी म्हणाले. "सकाळी दहाला काकूंना घेऊन केंद्रात जाणार आहे. काकांसमोर, डॉक्टरांसमोर सांगणार, की ही नावं आम्ही पुस्तिकेतून घेतली, काकूंनी एकही बाटली नेली नाही, बऱ्याच बाटल्या अपर्णाताईच्या हातात मीच दिल्या. लिहून मागितलं तर लिहून देईन. अक्षर जुळवून बघा म्हणेन. बाबा, तुम्ही आलात तर मला खूप बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार. आणि आई, शाळेसाठी रजेचा अर्ज लिहून दे. कारणाच्या जागी ताप घालू नकोस. जे आहे तेच लिही."