तोंड घराकडे

२०१० साल. मासेमारीच्या ॲपसाठी मी शिरोड्यात घरी बसून बटणांची चित्रं काढत होते. होडी निघताना बाबांनी बटण दाबलं की तेच चित्र आईच्या फोनवर उमटायचं. चाचणीच्या पहिल्या सकाळी समुद्राकडे निघालेली होडी उमटली. आईने फोन पालथाच टाकला. "पाठ फिरयलेली होडी माका नको गो!"

मी होडीचं तोंड किनाऱ्यावरच्या घराकडे वळवलं.

ॲप बनवणाऱ्या कंपनीचे पुण्याचे साहेब फोनवर तडकले, "निघालेली होडी परत येताना कशी दाखवलीस? तयार चित्र वापर."

"नाही वापरणार! आमचे बाबा निघताना 'जातंय' म्हणत नाहीत, 'येतंय' म्हणतात. बटणही तेच म्हणणार."

दुसऱ्या सकाळी घराकडे तोंड केलेली होडी उमटली. आईने फोन देवापुढे उभा केला आणि भाकऱ्या थापायला बसली.